काळीच्या पोटातलं लोखंड

नेर तालुक्यातल्या जुन्या धुऱ्यांवर तारेच्या कुंपणाचे मोडके लोखंडी अँगल जागोजाग दिसतात. त्यातला एखादा उपटून हातात घ्यावा आणि तो नेमका कुठे मोडलाय ते पाहावं. जमिनीच्या वरचा भाग तांबूस आणि खरखरीत, पण अजून धड असतो. जमिनीच्या पातळीपासून वीतभर खालपर्यंत मात्र त्याची कड बोटाने मोडावी इतकी पातळ झालेली असते आणि बहुधा तो तिथेच तुटतो. दोन-अडीच फुटांवर रुतून बसलेलं टोक खणून काढलं, तर चिकटलेली काळी माती खरवडल्यावर आत बऱ्यापैकी जाड लोखंड लागतं. अँगल एकच, एकाच दिवशी गाडलेला, एकाच वावरातला. तरी त्याचे तीन भाग तीन वेगांनी झिजले.

काळ्या मातीत लोखंड सडतं, असं वऱ्हाडात सरसकट म्हटलं जातं आणि अनुभवाने ते खोटं नाही. पण सगळी काळी माती सगळ्या लोखंडाला सारखंच खात असती, तर हा अँगल तळापासून वरपर्यंत सारखा झिजला असता. लोखंडाचं आयुष्य मातीच्या रंगापेक्षा किंवा चिकणपणापेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीवर ठरतं: ती माती उघडली गेली आहे की नाही, आणि किती वेळा. या प्रकरणाचा सगळा भर त्यावर आहे.

नेर परसोपंत आणि आसपासचा मुलूख दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा खडक झिजून त्याची माती झाली. उंचवट्यावर बरड, मुरमाड जमीन राहिली आणि बारीक कण वाहून सखल भागात साचले. तीच आपली कपाशीची भारी काळी. तिच्यातल्या चिकण कणांत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे सूक्ष्म पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि पाणी या पापुद्र्यांच्या मधोमध शिरतं. म्हणून ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते. पाणी धरून ठेवते, पाण्यासोबत विरघळलेले क्षारही धरून ठेवते. पऱ्हाटीला जे हवं, तेच लोखंडाला घातक ठरू शकतं.

जमिनीतलं गंजणं ही विजेची क्रिया आहे. लोखंडाच्या एका जागी धातूचे अणू आपले इलेक्ट्रॉन मागे ठेवून ओल्या मातीत विरघळतात. ते इलेक्ट्रॉन धातूतूनच दुसऱ्या जागी जातात आणि तिथे हवेतला प्राणवायू व पाणी त्यांना स्वीकारतात. पहिली जागा धनाग्र, दुसरी ऋणाग्र. झीज होते ती पहिल्या जागी. दोन्हींच्या मध्ये मातीतून क्षारांचे आयन फिरतात, तेव्हा मंडल पुरं होतं. म्हणजे मातीत पुरलेला प्रत्येक पाईप हा खराखुरा विद्युतघट आहे. या हिशेबात एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे: एक अँपिअरचा प्रवाह लोखंडातून मातीत वर्षभर बाहेर पडत राहिला, तर सुमारे ९ किलो लोखंड विरघळतं.

इथे एक गोष्ट पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते. प्राणवायूमुळे लोखंड गंजतं हे आपण शाळेत शिकतो, म्हणून जिथे हवा जास्त तिथे झीज जास्त असं आपण धरून चालतो. पण एकाच पाईपचा एक भाग मोकळ्या मुरमात आणि दुसरा चिकण मातीत असेल, तर प्राणवायू मुरमातल्या भागाला मिळतो आणि लोखंड मात्र चिकण मातीतल्या भागाचं जातं. हवेतला भाग ऋणाग्र होतो आणि हवेविना घुसमटलेल्या भागाकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो. रस्त्याकडेला चर खणून पाईप टाकताना तळाला ओली काळी तशीच राहते आणि वरून मुरूम, दगड, ढेकळं अशी भुसभुशीत भर पडते. पाईपची पाठ हवेत आणि पोट चिखलात. असा पाईप फुटला की भोक बहुधा पोटाला सापडतं. खड्ड्यात उतरून पाईपखाली हात घालणाऱ्या प्लंबरला हे ठाऊक असतं, कारण मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

या विषयाचा मोठा अभ्यास सुरू झाला तो भलत्याच कारणाने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या शहरांत ट्रामगाड्या डीसी विजेवर धावत. त्यांच्या रुळांतून जमिनीत निसटणारा प्रवाह शेजारच्या पाण्याच्या आणि गॅसच्या नळांना पोखरतो, अशी ओरड झाली. १९१० मध्ये तिथल्या राष्ट्रीय मानक ब्युरोकडे हे काम आलं. तपास करता करता लक्षात आलं, की जिथे ट्रामचा मागमूसही नाही तिथलेही नळ सडत होते. दोष मातीकडे गेला. मग १९२२ पासून देशभर निरनिराळ्या मातींत लोखंडाचे, पोलादाचे आणि इतर धातूंचे तुकडे पुरले गेले आणि ठरावीक वर्षांनी उकरून मोजले गेले. १२८ जागा, ३३३ प्रकारचे धातू व लेप, सुमारे ३६,५०० नमुने. मेल्विन रोमॅनॉफ यांनी १९५७ मध्ये या सगळ्याचा अहवाल प्रसिद्ध केला आणि आजही जमिनीखालच्या पाईपचं आयुष्य काढणारा अभियंता त्याच आकड्यांकडे जातो. पस्तीस वर्षं धीर धरून तुकडे पुरायचे आणि काढायचे, अशा कामाला आज पैसा मिळणं किती अवघड आहे हे मनात आलं की या लोकांबद्दलचा आदर वाढतो.

त्या नोंदींतून निघालेला सर्वांत कामाचा निष्कर्ष वेगाबद्दलचा आहे. वाळूमिश्रित, निचऱ्याच्या जमिनीत लोखंड सुरुवातीला झपाट्याने गंजतं, पण तयार झालेला गंज धातूला चिकटून राहतो, छिद्रं बुजवतो आणि पुढे झीज मंदावते. निचरा नसलेल्या चिकण मातीत तसं होत नाही. तिथे प्राणवायू अपुरा, म्हणून विरघळलेलं लोखंड लगेच घट्ट गंजाच्या रूपात बसत नाही. ते ओलीतून दूर सरकतं आणि धातू उघडाच राहतो. खड्डा जवळपास त्याच वेगाने वर्षानुवर्षं खोल जात राहतो. भारी जमिनीतला पाईप पहिली काही वर्षं उत्तम दिसतो आणि नंतर एकाएकी गळू लागतो, त्यामागे हे आहे. दोन-तीन वर्षांचा अनुभव पाहून दिलेली हमी भारी जमिनीत चालत नाही.

या अहवालावरून कुणीही म्हणेल की चिकण माती ही लोखंडाची वैरीण. पण त्याच रोमॅनॉफ यांनी पुढे इमारतींच्या, धक्क्यांच्या आणि बंधाऱ्यांच्या पायात ठोकलेले पोलादी खांब तपासले. काही उपटले, काही बाजूने खणून उघडे केले. काहींना जमिनीत चाळीस वर्षं झाली होती. माती निरनिराळी होती: सामू २.३ इतक्या आम्लधर्मीपासून ८.६ इतक्या अल्कधर्मीपर्यंत, काही ठिकाणी विजेला अतिशय सुवाहक. आधीच्या तक्त्यांप्रमाणे यातले अनेक खांब चाळणी व्हायला हवे होते. १९६२ च्या अहवालात नोंद आली ती वेगळी. न हलवलेल्या मातीत ठोकलेल्या खांबांची ताकद कमी व्हावी इतकी झीज कुठेच झालेली नव्हती. जो काही गंज होता तो वरच्या भरावात आणि भूजलाच्या पातळीच्या आसपास.

फरक एकच होता. आधीच्या प्रयोगात खड्डा खणला, तुकडे ठेवले आणि माती परत लोटली. खांब मात्र ठोकून आत गेले. माती खणली की तिच्यात हवा शिरते, ढेकळांत पोकळ्या राहतात, दोन थरांची माती एकमेकांत मिसळते, एकाच लोखंडाला ठिकठिकाणी वेगळी माती लागते आणि विद्युतघट तयार होतात. न उघडलेल्या दाट चिकण मातीत प्राणवायूला वाटच नसते. जेवढा होता तेवढा संपला की क्रिया जवळपास थांबते. युरोपातल्या बांधकाम संहितेने हा धडा आकड्यांत उतरवला आहे. न हलवलेल्या नैसर्गिक मातीत पोलादी खांबाची एक बाजू १०० वर्षांत १.२ मिलिमीटर झिजेल असं धरायचं. न ठासलेल्या भरावात, तो निरुपद्रवी मातीचा असला तरी, २.२ मिलिमीटर.

आता नेरच्या वावराकडे परत येऊ, कारण इथे एक जास्तीची अडचण आहे. इथली काळी स्वतःच स्वतःला उघडते. एप्रिल-मे महिन्यांत भारी जमिनीत उभं राहिलं, तर भेगेत अख्खा हात कोपरापर्यंत जातो, काठी त्याहून खोल जाते. खोल काळीत भेगा मीटरभर आणि कधी त्याहूनही खाली उतरतात. वरची कोरडी माती त्या भेगांत पडते. मृगाच्या पावसात माती फुगली की आत पडलेल्या मातीला जागा अपुरी पडते, बाजूंवर दाब येतो आणि मातीचे मोठे ठोकळे एकमेकांवरून घसरतात. विहीर खणताना चार-पाच फुटांवर तिरके, हात फिरवला तर गुळगुळीत लागणारे, चकचकीत पृष्ठभाग दिसतात, ते या घसरण्याचेच. वखरणीने वरच्या भेगा बुजतात, खालच्या नाहीत. म्हणजे माणसाने कुदळ लावो न लावो, वरचा तीन-चार फुटांचा थर दरवर्षी हलतो, हवा घेतो, पाणी घेतो. रोमॅनॉफच्या अर्थाने तो कधीच न हलवलेला नसतो. त्याखाली, जिथे भेग पोहोचत नाही आणि ओल बारमाही असते, तिथे मात्र परिस्थिती त्या ठोकलेल्या खांबांसारखी असू शकते. कुंपणाचा अँगल इतका खोल जात नसला, तरी त्याची तीन आयुष्यं खोलीगणिक कमी होणाऱ्या या हवेपासूनच सुरू होतात. त्याचा वीतभराचा कमकुवत पट्टा तर पावसाळ्यात रोज ओला आणि उघडीप मिळताच हवेशीर. पाणी आणि प्राणवायू दोन्ही हात जोडून हजर.

आपल्या मातीत एक गोष्ट लोखंडाच्या बाजूची आहे. तिच्यात चुनखडी असते आणि तिचा सामू बहुधा साडेसातच्या वर. ऋणाग्रापाशी अल्कता वाढते, तिथे हा चुना धातूवर साका धरून बसतो आणि प्राणवायूला अडवतो. जुन्या पाईपवरून कवच काढताना ते नीट पाहावं: बाहेर काळी माती, मग तांबूस कठीण पापुद्रा, त्यात रुतलेले पांढुरके चुनखडीचे खडे, आणि अगदी आत धातूला लागून काळाकुट्ट थर. हा आतला काळा थर बहुधा मॅग्नेटाइटचा, म्हणजे कमी प्राणवायूत तयार झालेल्या ऑक्साइडचा असतो.

तो काळा थर मऊ, बुळबुळीत असेल आणि त्यावर लिंबाचा रस टाकताच सडक्या अंड्याचा वास आला, तर मात्र तो लोखंडाचा सल्फाइड आहे आणि कारभार जिवाणूंचा आहे. हवा नसलेल्या, सल्फेट असलेल्या चिखलात हे जिवाणू सल्फेटवर जगतात आणि प्राणवायूविना लोखंड खाण्याची वाट मोकळी करून देतात. १९३४ मध्ये फोन वोल्झोगेन क्यूर आणि फान डर फ्लुख्त या डच संशोधकांनी हॉलंडच्या चिकण जमिनीतल्या ओतीव लोखंडाच्या नळांवरून हे दाखवून दिलं. नळ बाहेरून शाबूत दिसत, पण चाकूने कापता येत. लोखंड निघून गेलेलं आणि मागे ग्रॅफाइटचा सांगाडा उरलेला. म्हणूनच हवाबंद चिखल हा सरसकट सुरक्षित नाही. पाणी तुंबतं, सांडपाणी मुरतं, तिथे हा धोका मोठा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर क्षारही जास्त, आणि तिथला लोखंडी केसिंग पाईप नेरच्या केसिंगइतका टिकेल अशी आशा धरू नये.

चिकण मातीत लोखंड हजारो वर्षं टिकू शकतं, याचा पुरावा विदर्भाच्याच जमिनीत आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगाव तालुक्यात पाचखेडच्या पांढरीवर नागपूर विद्यापीठाने २०२३-२४ मध्ये उत्खनन केलं आणि लोहयुगापासूनचे वस्तीचे थर समोर आले. नागपूर जिल्ह्यात माहूरझरी आणि नायकुंड इथे शां. भा. देव यांच्या उत्खननांत दगडी वर्तुळांच्या दफनांतून कुऱ्हाडी, कट्यारी, छिन्न्या निघाल्या. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. ही हत्यारं अडीच हजार वर्षांहून जुनी. गंजाने फुगलेली, तरी आकार ओळखू येणारी.

स्कॉटलंडमधल्या इंचटुथिलचा साठा याहून बोलका आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमन सैन्याने छावणी सोडताना खिळे शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून खोल खड्ड्यात पुरले आणि वर माती ठासली. १९६० मध्ये इयन रिचमंड यांनी तो खड्डा उघडला, तेव्हा पावणेनऊ लाखांच्या आसपास खिळे निघाले. बाहेरचे खिळे गंजून एकमेकांना चिकटले होते आणि त्यांचंच कवच झालं होतं. आतले कित्येक खिळे आजही ठोकता येतील असे. वरच्या खिळ्यांनी झिरपणाऱ्या पाण्यातला प्राणवायू संपवला आणि आतल्यांना काही उरलं नाही.

अणुभट्टीतला किरणोत्सारी कचरा कायमचा पुरायचा कशात, हा प्रश्न सोडवणाऱ्यांनी या खिळ्यांचा अभ्यास मन लावून केला. बेल्जियममध्ये मोल इथे २२५ मीटर खोल, फ्रान्समध्ये ब्यूर इथे आणि स्वित्झर्लंडमध्ये माँ तेरी इथे चिकण मातीच्या थरांत प्रयोगशाळा खणल्या आहेत. पोलादाची जाड पिंपं आणि भोवती दाबून भरलेलं बेंटोनाइट, ही तिथे तपासली जाणारी एक रचना. बेंटोनाइट म्हणजे मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइट. आपल्या कपाशीच्या वावरात जे खनिज फुगतं-आक्रसतं, तेच तिथे फुगून प्रत्येक फट बुजवण्यासाठी निवडलं आहे. कारण त्या खोलीवर उन्हाळा नाही. माती एकदा ओली झाली की ओलीच राहते, भेग पडत नाही. बांधकामाच्या वेळी आत राहिलेला प्राणवायू संपल्यावर पोलाद पाण्याशीच संथपणे क्रिया करतं, मॅग्नेटाइट बनतं, हायड्रोजन सुटतो. वेग वर्षाला एक-दोन मायक्रोमीटर किंवा त्याहूनही कमी. त्या हिशेबाने एक मिलिमीटर झिजायला पाचशे ते हजार वर्षं. उरणारी काळजी त्या हायड्रोजनची, तो दाट चिकण थरातून बाहेर कसा पडेल याची.

नेरमधल्या शेतकऱ्याला हजार वर्षांचा हिशेब नको आहे. त्याच्या जिवाशी गाठ असलेलं पुरलेलं लोखंड म्हणजे मोटारपंपाचं आणि डीपीचं अर्थिंग. इथे या सगळ्या शास्त्राचा पेच एका खड्ड्यात सापडतो. अर्थिंग चांगलं व्हायचं तर भोवतालची माती विजेला सुवाहक हवी. ओली काळी त्याला उत्तम, तिची रोधकता बऱ्याचदा १० ओम-मीटरच्याही खाली असते. पण जी माती विजेला वाट देते, तीच गंजालाही देते. वर आपल्याकडे खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालायची जुनी पद्धत. मिठातला क्लोराइड लोखंडावरचा रक्षक थर फोडतो. कोळसा म्हणजे कार्बन, तो लोखंडाला लागून राहिला की स्वतः ऋणाग्र होतो आणि लोखंडाला झिजवतो. पाईपवरचं जस्त काही वर्षं स्वतः झिजून आतल्या लोखंडाला वाचवतं. जस्त संपलं की लोखंडाची पाळी येते, आणि जमिनीवरून पाहणाऱ्याला काहीही कळत नाही. वायर जागेवर, नट-बोल्ट घट्ट, खाली पाईप तुटलेला. मोटारीच्या बॉडीत करंट उतरतो तेव्हाच ते समजतं, आणि त्या वेळी शेतकरी बहुधा ओल्या पायांनी उभा असतो.

यावर महागडे उपाय आहेत, पण स्वस्त उपाय आधी करावेत. भारतीय मानक ३०४३ प्रमाणे जस्तलेपित पाईप निदान अडीच मीटर लांबीचा असावा. काळीत ही लांबी फार महत्त्वाची, कारण तेवढा पाईपच भेगांच्या थराखाली, बारमाही ओलीत पोहोचतो. दीड मीटरचा तुकडा टाकून वर मीठ ओतणं म्हणजे अर्थिंग भेगांच्या थरात ठेवणं. शक्य असेल तिथे खड्डा खणण्यापेक्षा सळई ठोकावी, म्हणजे खालची माती हलत नाही. मिठाऐवजी बेंटोनाइटची भर घालता येते, केमिकल अर्थिंगच्या पोत्यांत बहुधा तेच असतं. खड्डा खणलाच तर दगड-मुरूम न मिसळता तीच बारीक माती थराथराने ओली करून ठासावी. तांब्याची पट्टी थेट लोखंडी पाईपला जोडू नये. जमिनीच्या पातळीवरच्या वीतभर पट्ट्याला डांबराचा लेप किंवा विजेच्या खांबाला करतात तसं काँक्रीटचं मफिंग द्यावं, आणि मफिंगचा माथा उतरता ठेवावा, नाही तर पाणी नेमकं लोखंडाच्या बुडाशी थांबतं.

अर्थिंग तपासायचं ते मे महिन्याच्या शेवटी, जमीन पुरती भेगाळलेली असताना. पावसाळ्यात चिखल सगळे दोष झाकतो आणि मीटरवर कमी ओम दिसतात. वायरमनकडून मे महिन्यात मोजलेला आकडा स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर आतून तारखेसह लिहून ठेवावा. पुढच्या मे महिन्यातला आकडा त्याच्या दुपटीवर गेला, तर पाईप उकरून पाहावा. उकरताना पहिली नजर जमिनीखालच्या पहिल्या वीतभर भागावर टाकावी.